अर्थवाले पप्पा

प्रत्येक सणामागे एक माणूस असा असतो, की ज्याला त्या सणाचा मूळ अर्थ पाठ असतो. गणपतीत तो मांडवाच्या कडेला उभा राहून 'टिळकांना हे अभिप्रेत नव्हतं' असं म्हणतो आणि थेट 1893 सालापासून सुरुवात करतो. दहीहंडीत थरांकडे, दिवाळीत फटाक्यांकडे तो सारख्याच खिन्नपणे बघतो. ही जात फक्त आपल्यातच निपजते अशी माझी पक्की समजूत होती. पवईला राहायला आल्यावर तिची ख्रिस्ती आवृत्ती बघायला मिळाली, आणि खरं सांगतो, ती अधिक चिवट आहे. आपला अर्थवाला फार तर अनंत चतुर्दशीपर्यंत टिकतो. नाताळच्या अर्थवाल्याचा हंगाम नाताळच्या चार रविवार आधी, आगमनकाळ लागला की सुरू होतो आणि बेथलेहेमला तीन राजे पोचेपर्यंत, म्हणजे जानेवारीचा पहिला आठवडा उलटेपर्यंत चालतो.

आमच्या इमारतीतले अर्थवाले पप्पा ईस्ट इंडियन आहेत. म्हणजे मुंबईचेच, तुमच्याआमच्या कितीतरी आधीपासूनचे. घरात मराठी बोलणारे आणि बाटली मसाल्याशिवाय घास न उतरणारे. मूळ घर मरोळच्या गावठाणात. 'तुम्ही इथे कधीपासून?' असं कुणी लिफ्टमध्ये सहज विचारलं तर उत्तर 1579 पासून येतं. त्या साली जेझुइटांनी कोंडिवट्याला सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च उभारलं. 1840 च्या सुमाराला साथ आली, चर्च ओस पडलं, माणसं मरोळला सरकली, आणि आज त्याच्या भिंती सीप्झच्या कुंपणाआड सॉफ्टवेअर आणि दागिन्यांच्या कंपन्यांच्या शेजारी उभ्या आहेत. हे ऐकून होईतो लिफ्ट सतराव्या मजल्यावर आलेली असते आणि विचारणाऱ्याला चौथ्यावर उतरायचं असतं.

पप्पांना सहा वर्षांची एक मुलगी आहे आणि एक शत्रू आहे. शत्रूचं नाव सांताक्लॉज. डिसेंबर लागला की पवईच्या हिरानंदानी वसाहतीत दुकानादुकानांतून थर्माकोलचा बर्फ पडू लागतो आणि घामाने निथळणारे लालभडक सांता फुटपाथवर घंटा वाजवत उभे राहतात. दारूच्या गुत्त्यासमोरून पोराला न्यावं तसे पप्पा मुलीचा हात घट्ट धरून गॅलेरिया मॉलसमोरून जातात. 'ते कोण, पप्पा?' 'दुकानाचा माणूस.' 'त्याला उकडत नाही?' 'उकडतं. पगार मिळतो.'

आता या गृहस्थांकडे आम्ही सोसायटीतर्फे काय मागावं? सांता व्हा म्हणून गळ घातली. आमच्या सेक्रेटरींचं तर्कशास्त्र सरळ होतं: इमारतीत ख्रिस्ती घर एकच, सांता ख्रिस्ती, तेव्हा पुढचं बोलायलाच नको. मी सोबत गेलो होतो तो केवळ चहाच्या आशेने. पप्पांनी आम्हाला बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "सांता नव्हे. संत निकोलस. मायराचे बिशप. आताचा तुर्कस्तान, शतक चौथं. त्यांचा सण 6 डिसेंबरला असतो. तुमचा कार्यक्रम 23 तारखेला आहे. सतरा दिवस उशीर झालाय तुम्हाला."

तरी ते आले. पण बिशप म्हणून आले. डोक्यावर पुठ्ठ्याचा उंच टोकदार मुकुट, अंगावर पडद्याचा जरीकाठी झगा, हातात पडद्याचीच दांडी वाकवून केलेला धर्मदंड. क्लबहाउसमध्ये पन्नासेक मुलं शांत झाली, ती भीतीने. पप्पांनी गोष्ट सुरू केली: एका गरीब बापाला तीन मुली होत्या, हुंड्याला पैसे नव्हते, तर निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. पवईची मुलं ती. पहिला प्रश्न आला, "कितव्या मजल्यावर?" दुसरा प्रश्न एका पोरीचा: "अंकल, पण हुंडा देणं हा गुन्हा आहे ना?" चौथ्या शतकात नव्हता हे पप्पा समजावून सांगत होते तेवढ्यात मागून कुणीतरी सांता कधी येणार म्हणून भोकाड पसरलं. शेवटी चिक्की वाटली आणि सभा संपली. पुढच्या वर्षीपासून सेक्रेटरींनी भाड्याचा सांता ठरवून टाकला.

पप्पांचा खरा जीव मात्र गोठ्यात. येशूजन्माचा देखावा हो! पहिला गोठा संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीत ग्रेच्चो गावी मांडला, आणि त्यात खरा पेंढा, खरा बैल, खरं गाढव होतं. मग आपण कृत्रिम गवत का वापरावं, असा पप्पांचा सवाल असतो. सतराव्या मजल्यावर बैल चढवायला सोसायटी परवानगी देणार नाही एवढं त्यांना कळतं, म्हणून ते पेंढ्यावर समाधान मानतात. त्यासाठी दरवर्षी स्कूटर काढून आरे कॉलनीतल्या तबेल्यात जातात. परतताना मागच्या सीटवर भारा आणि जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर मागे तुटलेल्या काड्यांची रांग. रखवालदार एकदा विचारत होता, साहेबांनी म्हैस घेतली का म्हणून.

तो पेंढा गोठ्यात एकदम पसरायचा नसतो. अनेक कॅथलिक घरांत अशी पद्धत आहे की गव्हाण आधी रिकामी ठेवायची आणि मुलाने एखादं चांगलं काम केलं की एक काडी आत टाकायची, म्हणजे नाताळच्या रात्री बाळ येशूला मऊ अंथरूण मिळतं. कल्पना सुंदर आहे. ती सहा वर्षांच्या पवईकर मुलीच्या हाती पडली की तिचं काय होतं, ते मी लिफ्टमध्ये अनुभवलं. "काका, पिशवी द्या, मी धरते." धरली. दुसऱ्या मजल्यावर परत दिली. "झाली एक काडी." त्या आठवड्यात आमच्या इमारतीत कुणाला आपली पिशवी स्वतः उचलता आली नाही. वर्तमानपत्रं न मागता दारातून आत येऊन पडत होती. एका आजोबांना तर रस्ता ओलांडायचा नसतानाही पलीकडे नेऊन सोडण्यात आलं आणि परत आणण्याची दुसरी काडी लावण्यात आली.

पप्पांना हे समजलं तेव्हा त्यांनी तिला समोर बसवलं. "चांगलं काम काडीसाठी करायचं नसतं." "मग काडी कशाला ठेवलीय?" "देवाची कृपा अशी मोजून मिळत नाही, बाळा. ती फुकट असते." "मग मी दूध का प्यायले?" सत्कृत्यांनी कृपा कमावता येते का, या प्रश्नावर लूथरने 1517 साली वाद पेटवल्यापासून युरोपात पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली, लढाया झाल्या. पवईत तो प्रश्न कोको घातलेल्या दुधावर येऊन अडकला होता. पप्पा त्या रात्री बराच वेळ गॅलरीत उभे होते. मुलीने मात्र उधारीचा मार्ग शोधला: पुढच्या वर्षी करायच्या चांगल्या कामांच्या बारा काड्या तिने आगाऊ टाकून ठेवल्या.

गोठ्यातल्या बैलाच्या मूर्तीचं प्रकरण त्याहून मोठं झालं. पप्पांनी एका डिसेंबरात लूक आणि मत्तय पुन्हा नीट वाचले आणि जाहीर केलं की शुभवर्तमानात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, पण बैल आणि गाढव कुठेही लिहिलेले नाहीत. तेव्हा त्यांना काढण्यात येत आहे. कापसाचा बर्फ तर आधीच हद्दपार झाला होता, कारण मेंढपाळ रात्री उघड्यावर कळप राखत होते असं लूक सांगतो; बर्फ पडत असता तर ते घरी नसते गेले? बर्फ गेला तेव्हा कुणी ओरडलं नाही. बैलासाठी मुलगी हमसाहमशी रडली. मग मरोळहून आजी आली. आजी दरवर्षी पंधरवडाभर आधी येते आणि येताना अर्धं स्वयंपाकघर घेऊन येते. तिने ओटीत नारळ धरावा तसा बैल उचलून हातात घेतला, पुसला आणि होता तिथे ठेवला. "हा बैल तुझ्या आजाने आणलेला आहे. बायबलात नसेल, आपल्या घरात आहे." पप्पा काहीतरी यशयाच्या पुस्तकातला संदर्भ सांगून मागे हटले, तिथे बैल आणि गाढव दोन्ही आहेत म्हणे. अर्थवाल्या माणसाची हीच तर सोय असते. माघार घेतानाही त्याच्या हातात वचन असतं.

25 डिसेंबर ही तारीख बायबलात कुठे आहे, हे मी एकदा त्यांना विचारलं होतं. त्या संध्याकाळी त्यांना अचानक महत्त्वाचा फोन आला.

तीन राजांचा प्रवास हा या घरातला सगळ्यात लांबलेला कार्यक्रम. राजे गोठ्यात आधीपासून उभे करणं पप्पांना मंजूर नाही, कारण ते नंतर आले. (तीन होते हेही मत्तय सांगत नाही, सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून राजे तीन. इथे मात्र पप्पा परंपरेच्या बाजूने आहेत, संच तसाच विकत मिळतो.) तर हे राजे उंटासकट चपलांच्या कपाटावरून निघतात. रोज थोडे सरकतात. फ्रिजवर दोन दिवस, टीव्हीवर तीन. ते पूर्वेकडून येतात हे मुलीला माहीत आहे, आणि पवईच्या पूर्वेला काय आहे हेही तिला माहीत आहे. त्यामुळे राजे कांजूरमार्गहून निघाले आहेत आणि गांधीनगरच्या सिग्नलला अडकल्यामुळे त्यांना जानेवारी उजाडतो, असं तिचं मत. तलावाच्या काठाने यावं तर तिथे मगरी. या खुलाशात पप्पांना आजवर चूक काढता आलेली नाही.

गेल्या नाताळला पप्पांनी आम्हा नवराबायकोला मिस्सेला नेलं. मध्यरात्रीची मिस्सा म्हणतात, पण उघड्यावर लाउडस्पीकर असला की रात्री दहाचं बंधन आडवं येतं, म्हणून मुंबईत कितीतरी ठिकाणी ती अलीकडे आधीच लागते. आमच्या हिला हे फार सोयीचं वाटलं, पप्पांना अर्थातच नाही. पवईच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात आम्ही खुर्च्या धरल्या. गायकवृंद सुरू झाला, लहान मुलं नव्या कपड्यांत घसरगुंड्या खेळत होती, आणि पप्पा माझ्या उजव्या कानात अर्थ सांगत होते. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांपैकी तीन जांभळ्या का आणि तिसरी पेटवायची ती गुलाबी का. आज फादरांचा पोशाख पांढरा का. फादरांचं प्रवचन सुरू झालं तरी पप्पांचं चालूच. तेवढ्यात पुढे गोठ्यात बाळाची मूर्ती ठेवलेली पाहून मुलगी वळली आणि ओठावर बोट ठेवून म्हणाली, "पप्पा, हळू. तो आत्ताच झोपलाय." पप्पा गप्प बसले. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी हंगामात एवढा वेळ तोंड मिटून ठेवल्याची ती एकमेव नोंद आहे. शेवटी लोक रांगेने मूर्तीच्या पायाचं चुंबन घ्यायला गेले तेव्हा ती आपल्या बापाला ढकलत पुढे नेत होती. मी मागून पाहिलं, पप्पांनी चष्मा पुसला. अर्थ सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावणं होतं. आजीचं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल चारेक दिवस आधी झालेलं असतं, कारण ते व्हिनेगरात मुरावं लागतं. बरोबर गरमागरम फुगे, म्हणजे फुगलेल्या पिठाचे तळलेले गोळे. जेवणाआधी प्रार्थना घरातल्या कर्त्याने म्हणायची. पप्पांनी अन्नासाठी आभार मानले, मग शेतकऱ्यांसाठी, मग आजाऱ्यांसाठी, मग निर्वासितांसाठी, कारण येशूचं कुटुंबही इजिप्तला निर्वासित म्हणूनच गेलं होतं. फुगे खाली बसू लागले. पप्पा सीमेवरच्या जवानांपाशी पोचले तेव्हा आजीने जोरात "आमेन" म्हटलं आणि डाव उचलला. सगळ्यांनी तिच्यामागून आमेन म्हटलं. त्याहून एकदिलाने झालेली प्रार्थना मी ऐकलेली नाही.

संध्याकाळी मुलगी आमच्याकडे ताट घेऊन आली. क्रोशाच्या रुमालाखाली न्यूऱ्या, कलकल, मार्झिपॅनचे गुलाबी मासे आणि थाली स्वीटचे चौकोन. न्यूरी आमच्या करंजीची सख्खी बहीण आहे हे आमच्या हिने पहिल्याच घासाला ओळखलं. ताटात पप्पांच्या अक्षरातली एक चिठ्ठीही होती, लूकचा दुसरा अध्याय वाचावा अशी. आम्ही वाचला. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून संक्रांतीला त्यात तिळगूळ घालून पाठवला, आणि मला राहवलं नाही, सोबत संक्रांतीचा मूळ अर्थ सांगणारी चार ओळींची चिठ्ठीही टाकली. सूर्याचं संक्रमण वगैरे. आजीने निरोप पाठवला की लाडू छान झालेत, आणि त्या घरात आता दोघांच्या चिठ्ठ्या वाचायला कुणाला वेळ नाही.

तुमच्याही इमारतीत असे एखादे पप्पा असतीलच. नाताळात त्यांच्याकडे जरूर जा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोठा मांडलेला असतो. सांताची टोपी घालून जाऊ नका. बैलाबद्दल विचारू नका. जेवून जाऊ नका. आणि हातात पिशवी असेल तर ती मुलीला धरायला द्या. तिच्या मागच्या बारा काड्या अजून फिटायच्या आहेत.