मेट्रो येईपर्यंत बेंगळुरूत कसं राहावं

पुण्याहून बदली होऊन येणाऱ्याला हिंजवडीच्या वाहतूककोंडीचा सराव असतो, पण त्या जोरावर इथे मिजास करू नये. बेंगळुरूत मेट्रोची वाट बघणं ही नोकरीइतकीच पूर्णवेळची गोष्ट आहे आणि तिचे काही रीतिरिवाज आहेत.

मेट्रो कधी सुरू होणार, असं कुणाला विचारू नये. 'काम कुठवर आलंय?' एवढंच विचारावं. खांब उभे राहिले म्हणजे मेट्रो आलीच, असं समजणारा माणूस नवखा. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा पिवळा मार्ग बघा. खांब झाले, रूळ पडले, स्थानकं रंगवून झाली. फक्त गाडी नव्हती. डब्यांचं कंत्राट चिनी कंपनीकडे गेलेलं आणि मध्येच सीमेवर तणातणी. पहिली गाडी आली फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुढच्या गाड्या कोलकात्याजवळ टिटागढच्या कंपनीने बांधायच्या ठरल्या. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये मार्ग सुरू झाला तो तीन गाड्यांवर, दर २५ मिनिटांनी एक. तोवर त्या रिकाम्या स्थानकांखालून ऑफिसला जाणाऱ्यांनी मान वर करून बघायचंही सोडून दिलं होतं.

भाड्याचं घर बघताना 'नियोजित मेट्रोपासून पाच मिनिटांवर' असं सांगितलं, तर 'नियोजित' हा शब्द घड्याळासारखा नव्हे, कॅलेंडरासारखा वाचावा. मेट्रोच्या आधी भाडं येतं. धूळ आपण खायची आणि वाढीव भाडं घरमालकाने, ही वाटणी करारावर सही करतानाच मान्य करून टाकावी.

ऑफिसात उशिरा पोचल्यास कारणमीमांसा करत बसू नये. सिल्क बोर्ड हा इथला कायम तुंबलेला चौक. 'सिल्क बोर्डला होतो' एवढं म्हटलं की साहेब गप्प बसतो, कारण तोही तिथेच होता. हे कारण आपण घरून निघालेलो नसतानाही चालतं. रिक्षावाल्याने 'वन अँड हाफ', म्हणजे मीटरच्या दीडपट मागितल्यास 'स्वल्प अडजस्ट माडि', म्हणजे 'जरा सांभाळून घ्या', म्हणून पाहावं. अडजस्ट शेवटी आपणच करतो, पण ओळख होते.

धीर सुटायला लागला तर गोदावरीचं स्मरण करावं. त्र्यंबकेश्वरची नव्हे. मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात शहराच्या मध्यभागी मॅजेस्टिकच्या बाजूला बोगदा खणणाऱ्या यंत्राचं नाव गोदावरी होतं आणि ते जमिनीखाली महिनोन्महिने अडकून पडलं. कर्नाटकात आपली नदी अडवली गेली, तरी इथल्या मराठी मंडळींनी निषेधाचा ठराव केल्याचं ऐकिवात नाही.

बांधकामाशेजारून जाताना मात्र अंतर ठेवून जावं. जानेवारी २०२३ मध्ये नागवाराजवळ खांबाचा सळयांचा सांगाडा रस्त्यावर कोसळला आणि दुचाकीवरून जाणारी आई आणि तिचं लहान मूल गेलं. यात विनोदाला जागा नाही.

मार्ग एकदाचा सुरू झाला की पहिल्या दिवशी गाडीतला फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकावा. दुसऱ्या दिवसापासून गर्दीबद्दल बोलावं. मग तिकिटाबद्दल, फेब्रुवारी २०२५ मध्ये कमाल भाडं ६० रुपयांवरून ९० वर गेल्यामुळे विषयाला तोटा नाही. पंधरवडा झाला की, बाकीचे सगळे आता मेट्रोने जात असतील आणि रस्ता मोकळा असेल, अशा हिशेबाने आपली गाडी पुन्हा बाहेर काढावी. बाकीचे सिल्क बोर्डला भेटतील.