कपाट उघडलं आणि गाव बिघडलं

ऐकलंत का? शाळेच्या ग्रंथालयाबाहेर म्हणे पोरं रांग लावतात. मधल्या सुट्टीत! डबा अर्धा टाकून! आणि हे काही गुपचूप चाललंय असं समजू नका, चांगलं लेझीम-ताशा लावून चाललंय. कलियुग म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

आपल्या वेळी कसं सगळं सोवळ्यात होतं. लोखंडी कपाट, त्याला कुलूप, कुलपाची किल्ली सरांच्या खिशात आणि सर रजेवर. पुस्तकं सगळी खाकी कव्हरात, पाठीवर दाखल क्रमांक. आत शिवाजी महाराज आहेत की बीजगणित, हे उघडल्याशिवाय कळायची सोय नाही आणि उघडायची परवानगी नाही. मागितलं तर "हरवशील", लवकर परत केलं तर "खरंच वाचलंस का?" अशा कडक बंदोबस्तात आपण वाढलो, तरी वाचायला शिकलोच ना? (बरंचसं भेळेच्या कागदावरून शिकलो, पण ते जाऊ द्या.)

या सगळ्या बिघाडाचं मूळ शोधायला गेलं तर ते थेट रंगनाथनांपाशी जातं. गणिताचा प्राध्यापक माणूस, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगून मोकळा झाला. पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरासाठी असतात. आता असं काही बोलतात का? बोलले ते बोलले, पण आपल्या शाळांनी ते किती दशकं मनावर घेतलं नव्हतं! आताच कुठून कान उघडले कोण जाणे. आणि उघडले ते असे की ग्रंथालयाच्या दारात सहा फुटी रॉकेट उभं. कशाला? तर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न पोरांनी वाचावा म्हणून. रॉकेटच्या पोटात खिडकी, खिडकीत पुस्तकं, शेपटाला लाल-पिवळ्या क्रेप कागदाच्या ज्वाळा. त्या ज्वाळांवर पंखा सोडलेला, म्हणजे त्या हलाव्यात. वर्गातला पंखा दोन वर्षं बंद आहे, पण रॉकेटचा पंखा कसा गरगर फिरतोय बघा.

पूर्वी असलं काही थर्माकोलमध्ये व्हायचं. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि सगळा डोलारा पुठ्ठ्यावर आला. तेव्हापासून घराघरांत जे सुरू झालंय ते पाहवत नाही. फ्रिजचा खोका आला की आधी खोक्याची चौकशी, मग फ्रिजची. सोसायटीत कुणाकडे नवं वॉशिंग मशीन उतरताना दिसलं की वरच्या मजल्यावरून हाक येते, "वहिनी, खोका फाडू नका हं!" पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला मिळतात 5 ते 20 हजार रुपये. त्यात पुस्तकं घ्यायची की रॉकेट उडवायचं? मग फेविकॉल पालकांचा, कात्री पालकांची आणि रात्री साडेअकराला जमिनीवर मांडी घालून ज्वाळा कापणारे बाबासुद्धा पालकच. पोरगं केव्हाच झोपलेलं असतं.

बरं, निमित्तांना काही तोटा? रंगनाथनांच्या जन्मदिवशी, 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन. 15 ऑक्टोबरला कलामांच्या जन्मदिवशी वाचन प्रेरणा दिन, तो 2015 पासून सुरू झाला. 14 नोव्हेंबरपासून ग्रंथालय सप्ताह. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या नावाने मराठी भाषा गौरव दिन. 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, तेव्हा परीक्षा तरी असतात म्हणून थोडी उसंत. एका सणाचा डिंक वाळेपर्यंत दुसरा सण दारात. आणि एवढा पसारा उचलायचा कुणी? बहुतेक ठिकाणी एका अर्धवेळ ग्रंथपाल बाईंनी. पगार अर्धवेळ, दिंडी पूर्णवेळ.

दिंडी म्हणजे ग्रंथदिंडी. साहित्य संमेलनाची मक्तेदारी होती ती, आता तिसरी-ब काढते. पालखीत ज्ञानेश्वरी, पुढे लेझीम, डोक्यावर तुळस घेतलेल्या नऊवारीतल्या पोरी, मागे हॉर्न वाजवून थकलेले रिक्षावाले. त्यातला एक रिक्षावाला उतरून पालखीच्या पाया पडला, आता बोला!

पाया पडण्यावरून आठवलं. भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तेव्हापासून भिंती रंगवायची खाज सगळीकडे पसरली. एका शाळेने तर जिन्याची प्रत्येक पायरी पुस्तकाच्या कण्यासारखी रंगवली. पहिली पायरी गोट्या, दुसरी चिंगी, तिसरी बोक्या सातबंडे, असं करत थेट गच्चीपर्यंत मराठी बालसाहित्य. दिसतं देखणं, यात वाद नाही. पण आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तर काय करतात हे रंगाऱ्याला कोण सांगणार? पहिल्याच दिवशी पहिलीतली पोरं एकेका पायरीवर थांबून, वाकून, हात लावून, कपाळाला लावून वर निघाली. वीस पायऱ्या, चाळीस पोरं. प्रार्थना संपली, हजेरी संपली, दुसरा तास सुरू झाला, तरी पहिलीचा वर्ग अजून बोक्यावरच. शेवटी "पायरीला नमस्कार करू नये" अशी पाटी लावावी लागली. कुठे बघितली होती अशी पाटी?

त्यानंतर आलं ते खरं अनर्थाचं मूळ. 'पुस्तकाशी ब्लाइंड डेट'! आठवीच्या वर्गात! मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला, नाव बदलून 'गुपित पुस्तक' केलं, पण प्रकार तोच. पुस्तक खाकी कागदात गुंडाळायचं, वर दोन ओळींचा इशारा लिहायचा, सुतळी बांधायची. म्हणजे ज्या खाकी कव्हराने आपल्याला वर्षानुवर्षं दूर ठेवलं, त्याच कागदावर ही कार्टी आता तुटून पडतात. एका पुड्यावर लिहिलं होतं, 'हे पुस्तक तुरुंगात लिहिलं गेलं. सावधान!' वर्गातल्या सगळ्यात दांडगट पोराने झडप घातली. दरोडा असेल, भुयार असेल, पळून जाणं असेल. सुतळी सोडली तर आत 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं होतं, इशारा खोटा म्हणता येईना. पोरगं दोन दिवस बाईंवर चिडून होतं. तिसऱ्या दिवशी येऊन विचारतं कसं, "बाई, तुरुंगात लिहिलेलं आणखी काही आहे का?" ही फसवणूक नव्हे तर काय?

वेषभूषेबद्दल तर बोलायलाच नको, म्हणून बोलूच. 'आवडतं पात्र बनून या' अशी सूचना आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि आयांच्या गटात हलकल्लोळ माजतो. फास्टर फेणे सगळ्यात सोपा. टोपी घातली, सायकल ढकलत आणली, "ट्टॉक" म्हटलं, झाला बनेश फेणे. म्हणून एका वर्गात अकरा फेणे आणि सायकली ठेवायला जागा नाही. हे खूळ आपलंच आहे असंही नाही. लंडनच्या मराठी आयांना विचारा. तिथे मार्चच्या पहिल्या गुरुवारी पुस्तक दिन. सुपरमार्केटात तयार पोशाख टांगलेले असतात आणि ज्यांना बुधवारी रात्री नऊला आठवतं त्यांचं पोरगं लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या बनियनमध्ये 'वॉली' होऊन जातं. अमेरिकेत तर पोरांनी ठरलेली पुस्तकं वाचली की मुख्याध्यापक केस हिरवे करतात, छपरावर जाऊन बसतात, डुकराची पापीसुद्धा घेतात. शी! आपल्याकडे असलं चालायचं नाही.

चालायचं नाही म्हणता म्हणता आपल्याच एका कडक मुख्याध्यापकांनी शब्द दिला की सातवीने दिवाळीपर्यंत तीनशे पुस्तकं वाचली तर मी मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण होईन. सरांना वाटलं, कोण वाचतंय? सातवीने तीनशे कधीच ओलांडली. सर आले. काळा झगा, पुठ्ठ्याचं लांब नाक, हातात झाडू. पोरं किंचाळली, शिपाईमामा किंचाळले, संस्थेचे सचिव भेटीला आले होते ते दारातूनच परत गेले. आणि सरांचं काय? झगा उतरवायला तयार नाहीत! पुढच्या वर्षी आठवीसाठी काय होता येईल याची यादी त्यांनी स्वतःच फळ्यावर लिहून ठेवलीय.

बाटलेल्यांची गणती कुठवर करावी? एका शाळेने 'किशोर'चे जुने अंक मांडले, अगदी 1971 पासूनचे. मांडले पोरांसाठी. शाळा सुटली, पोरं दप्तर घेऊन व्हरांड्यात ताटकळत उभी आणि आत आई-वडील सतरंजीवर पालथे पडलेले. "बाबा, चला ना." "थांब रे, एवढं पान." हेच बाबा सकाळी फाटकाशी उभे राहून "शाळेत अभ्यास सोडून हे काय थेर चाललंय" म्हणत होते, हे आपण आपल्या कानांनी ऐकलंय.

हसताय कशाला? शेजारणीने पाठवलेला त्या रॉकेटचा फोटो तुम्हीही पुढे ढकललात. भाचीच्या फेणेसाठी टोपी कुणी शोधली होती? आणि वाढदिवसाच्या भेटीवरचा खाकी कागद सुरकुती पडू न देता सोडवून गादीखाली ठेवणारे कोण, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा एक विनंती. दिवाळीत नवा टीव्ही घेणार असाल तर खोका भंगारवाल्याला देऊ नका. ग्रंथालयात या खेपेला पाणबुडी करायचं ठरलंय आणि पुढचा भाग अजून मिळालेला नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा खोका मागायला जाऊ नका, तो आम्ही आधीच सांगून ठेवलाय.