लासलगावला नाताळची सुट्टी

लासलगावला बाहेरून येणाऱ्या माणसांचे दोन प्रकार पडतात: कांदा घेऊन येणारे आणि मुले घेऊन येणारे. पहिल्या प्रकारातल्यांना इथे काय करायचे ते ठाऊक असते. दुसऱ्यांना नसते. पुढील माहिती त्यांच्यासाठी आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांना वसंत ऋतूत सुट्टी देण्याची पद्धत नाही. वसंतात परीक्षा असतात, आणि कोकिळेचे कूजन मुलांना गुणाकार-भागाकाराच्या जोडीने ऐकावे लागते. टोरांटोतल्या मराठी कुटुंबांना मार्चमध्ये आठवडाभराची हक्काची सुट्टी मिळते, पण तिथे तेव्हा अंगणात बर्फ असते. इकडच्या मुलांच्या वाट्याला येतात दिवाळी, मे महिना आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर नाताळ. दिवाळी थंडी पुरती पडायच्या आत उरकते. मे महिन्यात लासलगावला गार म्हणावे असे काही मिळालेच तर ते रसवंतीवर. राहता राहिला नाताळ. येशूचा जन्मदिवस आणि मामाचे गाव यांची गाठ इंग्रजी माध्यमाने घालून दिली, हे त्या माध्यमाचे एक दुर्लक्षित कार्य आहे.

थंडी हे इथले पहिले प्रेक्षणीय स्थळ. लासलगाव ज्या निफाड तालुक्यात आहे त्याचे तापमान कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजले जाते आणि हिवाळ्यात राज्यातला नीचांक अनेकदा तिथलाच असतो. कडाक्याच्या दिवसांत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. गव्हाला ही थंडी मानवते. आणखी कोणाला मानवते यावर अजून संशोधन झालेले नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, निफाड त्याच्या निम्म्याहून कमी. तरी गारठ्यात निफाड वरचढ ठरते, याचे कारण साधे आहे. निरभ्र, कोरड्या रात्री जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडून देते. गार हवा जड असते. ती उतारावरून खाली सरकते आणि गोदावरीच्या सखल खोऱ्यात येऊन बसते. त्यात उत्तरेचे वारे सुरू झाले की विचारायलाच नको. थोडक्यात, महाबळेश्वरला जाणारा प्रवासी जास्त पैसे मोजून कमी थंडी घेतो.

निफाडकरांनी याची जाहिरात केलेली नाही. या तालुक्यात थंडी विकत नाहीत, द्राक्षे विकतात, आणि थंडीचे द्राक्षांशी पटत नाही. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, तयार मण्यांना तडे जातात. मग बागाईतदार पहाटे तीन-चारला उठून बागेत शेकोट्या पेटवतो, धूर कोंडतो, ठिबकने वेलींना पाणी सोडतो. नेमक्या त्याच पहाटे वाहिनीचा वार्ताहर पानावरचे गोठलेले दव टिपायला येतो आणि विचारतो, ‘‘या गुलाबी थंडीबद्दल काय सांगाल?’’ बागाईतदार जे सांगतो त्यातले बरेचसे दाखवले जात नाही.

पाहुण्यांना गारठा खरा भेटतो तो घरात. टोरांटोत बाहेर उणे २० असले तरी घरात सदरा घालून वावरता येते, कारण तिथे घर तापवण्याची सोय भिंतीतच असते. लासलगावच्या घरात सोय आहे ती पंख्याची. घर बांधताना विचार झालेला असतो एप्रिल-मेचा. खाली फरशी, वर स्लॅब, खिडक्या समोरासमोर. त्यामुळे परदेशातून आलेला, बर्फावर घसरगुंडी खेळलेला भाचा इथे दोन गोधड्यांखाली कुडकुडत असतो आणि गावातली मुले अर्ध्या चड्डीत शेकोटीशी बसून त्याच्याकडे कुतूहलाने बघतात. मुंबईच्या पाहुण्यांनी कपाटाच्या तळातून स्वेटर काढून आणलेले असतात. त्यांच्या डांबरगोळ्यांच्या वासावरून कोणाकडे पाहुणे आले आहेत ते गल्लीच्या तोंडाशीच कळते.

सहकुटुंब करमणुकीचा दिवस शेकोटीने सुरू होतो. जळण म्हणून तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, क्वचित मागच्या वर्षीची गृहपाठाची वही. तोंड भाजते, पाठ गारठते. पाठ फिरवावी तर उलटे होते. मळ्यात हरभरा घाटे धरायला आला असेल तर डहाळ्यांची पेंढी तशीच जाळावर धरून हुळा करतात. घाटे काळे पडून तडतडतात, मग राखेतून एकेक वेचून हाताने फोडायचा. आतला दाणा हिरवा, अर्धा भाजलेला, किंचित धुरकट असतो. ओठ आणि बोटे काळी होतात. ती धुवायला गार पाण्याचा नळ असतो, आणि काळी बोटे तशीच ठेवण्याचा निर्णय मुले एकमताने घेतात. अंघोळीचे पाणी बंबात तापते. बंबापासून न्हाणीपर्यंत बादली नेईस्तोवर त्यातली निम्मी ऊब वाटेत सांडलेली असते.

अंघोळ उरकली किंवा टळली की कुटुंब बाजार समिती पाहायला निघते. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ती ओळखली जाते आणि हे वाक्य गावातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी म्हणता येते. शक्यतो रविवार टाळून जावे. अमावास्येलाही इथे लिलाव बंद ठेवण्याची पद्धत अनेक दशके होती, त्यामुळे जुन्या लोकांना पंचांग हे बाजाराचे वेळापत्रक म्हणूनच ठाऊक आहे.

आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने उभ्या असतात. डिसेंबरात येतो तो लाल कांदा, म्हणजे खरिपाचा. तो टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने ठेवून भावाची वाट पाहता येते, लाल कांद्याला ती चैन नाही. काढला की आणायचा आणि निघेल त्या भावाने द्यायचा. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीशी थांबतो. कोणी कोपरापर्यंत हात खुपसून तळातला कांदा वर काढतो, कोणी एखादा उचलून मान दाबून बघतो, कोणी नुसताच लांबून बघून तोंड वाकडे करतो. बोली फुटते, दहा-वीस रुपयांनी चढते, अडखळते, आणि बाहेरच्या माणसाला सुरू झाली हे कळायच्या आत संपते. घोळका पुढच्या ट्रॉलीवर. कांदा विकला गेल्याचे मालकालाही कधी कधी शेजारच्याकडून कळते.

मुलांना या प्रकारात मोठा रस वाटतो. दूरदर्शनवर खेळाडूंचा लिलाव पाहिलेला असल्याने ती बोलीत भाग घेऊ पाहतात, म्हणून त्यांचे हात धरून ठेवावेत. कांद्याच्या एवढ्या राशी पाहून डोळ्यांना पाणी येईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. डोळ्यांना झोंबणारा वायू कांदा चिरल्यावर, पेशी फुटल्यावर तयार होतो. जपानी संशोधकांनी त्यामागचे विकर शोधून काढले आणि त्याबद्दल त्यांना २०१३ साली इग नोबेल हे विनोदी पारितोषिकही मिळाले. बाजारात कांदा अख्खा असतो. डोळ्यांत जाते ती धूळ आणि उडती टरफले.

मुलांच्या वडीलधाऱ्यांना मात्र इथला एक शिष्टाचार पाळावा लागतो. गावात कोणी भेटला की ‘‘कसे आहात?’’ असे विचारत नाहीत.

‘‘काय निघाला?’’

‘‘पंधराशे एकावन्न.’’

‘‘मग बरंय.’’

एवढ्यात प्रकृती, घरची खुशाली आणि पुढचा महिना हे सगळे विषय येऊन जातात. क्विंटलमागच्या या आकड्यावर पाहुण्यांचा पुढचा कार्यक्रमही ठरतो. भाव बरा निघाला तर मामा स्वतः गाडी काढतात आणि मिसळही त्यांच्याकडून. भाव पडला तर, ‘‘आज घरीच आराम करा, उद्या बघू.’’ २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ऐन लाल कांद्याच्या हंगामात निर्यातबंदी केली, ती पुढच्या वर्षी ४ मे रोजी उठली. त्या नाताळात ज्यांनी यजमानांपाशी फिरायला जाण्याचा विषय काढला असेल त्यांचे धाडस मोठे. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना या बाबतीत एक सोय आहे: भाव चढला तरी कांदा रडवतो आणि पडला तरी रडवतो. मथळा बदलावा लागत नाही, फक्त रडणारा बदलतो.

गावात आणखी एक स्थळ आहे, ते बाहेरून पाहण्याचे. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प २००२ पासून लासलगावात आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटायचे थांबतात, हा मूळ उद्देश. पण प्रकल्पाचे नाव झाले ते आंब्याने. अमेरिकेला भारतीय आंबा हवा होता, त्यातला किडा नको होता. २००७ साली अमेरिकेला गेलेला हापूस आधी लासलगावला येऊन, किरण खाऊन मगच विमानात बसला. वसंताच्या सुट्टीत लासलगावला मुक्काम करून परदेशी जाणारा प्रवासी म्हणून हापूसचाच उल्लेख करावा लागतो.

भाव बरा निघालेल्या दिवशी नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ झाली, पाणथळीवर पक्षी आले, १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतला समावेश जाहीर झाला. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ. हिवाळ्यात इथे चक्रवाक, पट्टकादंब, तलवार बदके आणि इतर अनेक पाहुणे उतरतात. कधी रोहितही दिसतात. पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. कशासाठी, तर उबेसाठी. त्याच्या हिशेबी निफाड तालुका म्हणजे वसंत. काठावर कानटोपी, मफलर आणि शाल अशा तिहेरी बंदोबस्तात उभे असलेले कुटुंब आणि समोर पहाटेच्या बर्फगार पाण्यात पाय सोडून निवांत चरणारा पक्षी यांच्यात थंडीच्या व्याख्येवरून मतभेद आहेत, आणि दोघेही लांबून येऊन एकाच जागी पोचले आहेत.

पक्षिनिरीक्षणाचा पहिला नियम शांतता. आठ माणसे, एक गाडी आणि चिवड्याची नवी पिशवी यांच्याकडून तो पाळला जात नाही. चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण असते. ती धाकट्याच्या हाती आली की मोठ्याला दिसत असलेला पक्षी उडतो. आजोबांना तो दुर्बिणीशिवाय दिसलेला असतो, पण नाव विचारले की ते ‘‘बगळाच असेल’’ म्हणतात. वाटाड्या हे ऐकून घेतो. त्याला रोज ऐकावे लागते.

विंचूर वाटेतच आहे. तिथे वाईन पार्क आहे आणि म्हणूनच मुले बरोबर असताना गाडी तिथे थांबत नाही. गाडी चालवणाऱ्याचा चेहरा तेवढा जरा गंभीर होतो. उत्तरेला चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामातेचे मंदिर. अहिल्याबाईंचा काळ आणि दगडी-लाकडी काम पाहायचे असेल तर अर्धा दिवस काढून जावे.

येवल्याला मात्र अख्खा दिवस लागतो, त्यातला बराचसा पैठणीच्या दुकानात. ‘फक्त बघायला’ म्हणून आत शिरलेल्या बायका गादीवर बसतात, आणि पुरुष दाराशी उभे राहून मोबाइलमध्ये काहीतरी तातडीचे शोधू लागतात. मुलांना मागावर न्यावे. पैठणीच्या पदरावरचा मोर भरतकामाचा नसतो, तो धाग्याधाग्याने विणलेला असतो. हातमागाची अस्सल पैठणी उलटी केली तरी मोर तसाच दिसतो. हे तपासायची परवानगी विणकर मुलांना देतो. हात पुसून, आणि हुळ्याची काळी बोटे पाहून झाल्यावर. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. पैठणीइतका वेळ तिलाही द्यावा.

सुट्टी संक्रांतीपर्यंत ताणता आली तर येवल्याचा पतंगोत्सव पदरात पडतो. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर राहायला जाते. इथे मांजा गुंडाळतात तो आसारीवर, म्हणजे मधल्या दांड्याभोवती फिरणाऱ्या बांबूच्या चक्रीवर. आसारी धरण्याचे काम मुंबईच्या पाहुण्याकडे येते, कारण पतंग त्याच्या हाती दिला तर तो शेजारच्या पत्र्यावर जातो. हलकडी वाजते, पतंग कापला की ‘‘गई बोला रे धिन्ना’’ची आरोळी उठते, आणि आरोळी कोणत्या गच्चीवरून आली त्यावर पुढचे वैर ठरते. नायलॉनच्या मांजाला बंदी आहे. तो पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. मुलाने कुठून मिळवून आणला तर थोबाडीत न देता काढून घ्यावा.

परतीसाठी मनमाडहून सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस. ती लासलगावला सकाळी इतक्या लवकर येते की निफाडचा पारा म्हणजे काय हे फलाटावर पाहुण्यांना शेवटचे आणि सविस्तर कळते. मामा गोणी घेऊन आलेले असतात. ‘‘थोडेच घातलेत,’’ असे सांगून ते गोणी डब्यात चढवतात. ती उतरवताना ठाण्याला तीन माणसे लागतात. लाल कांदा टिकत नाही, हे आता सर्वांना माहीत असल्याने घरी भजी, झुणका, थालीपीठ असा क्रम लागतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून झाले तरी गोणीच्या तळाशी काही राहतातच, आणि जानेवारीअखेर त्यांना कोंब येतात. तोपर्यंत शाळेत जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहण्याचा पाठ आलेला असतो, आणि बाईंनी एक आणायला सांगितलेला असताना दहा कांदे वर्गात पोचतात.