गळतीसम्राट व्हायचंय?

पूर्वी प्लंबरला नळ दुरुस्त करता आला की भागायचं. आता त्याला आधी 'प्रेझेन्स' लागतो. पाइपपाना, टेफ्लॉन टेप आणि खिशातले चार वॉशर एवढ्या भांडवलावर धंदा करणाऱ्या माणसाला कुणीतरी येऊन सांगतं, "मामा, जाहिरात केल्याशिवाय आता काही खरं नाही." सांगणारा बहुधा बायकोचा भाचा असतो. त्याचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स नुकताच संपलेला असतो आणि काम मिळण्याची तो स्वतःच वाट बघत असतो.

तेव्हा प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी, किल्लीवाले, मिक्सर दुरुस्तीवाले अशा तमाम उद्योजकांसाठी (हो, तुम्हाला आता उद्योजक म्हणायचं ठरलंय, त्याने चार पैसे जास्त मिळत नाहीत, पण ऐकायला बरं वाटतं) आम्ही स्वस्तातल्या जाहिरातीचे काही मार्ग सुचवत आहोत. सोयीसाठी उदाहरण पुण्यातल्या एका प्लंबरचं घेतलं आहे. इतरांनी 'नळ'च्या जागी आपापला माल घालून वाचावं.

मार्ग पहिला : चिकटवा

सगळ्यात स्वस्त जाहिरात म्हणजे स्टिकर. छापून घ्यायचा आणि दिसेल तिथे चिकटवायचा. मजकुरावर डोकं चालवायची गरज नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे : 'सर्व प्रकारची प्लंबिंगची कामे योग्य दरात व खात्रीशीर करून मिळतील.' योग्य दर कुणासाठी योग्य, हे काम झाल्यावर कळतं.

अडचण जागेची आहे. कुठल्याही जुन्या सोसायटीत जिन्याखालच्या मीटरबोर्डाचं दार बघा. सगळ्यात खाली कुणा इलेक्ट्रिशियनचा पिवळा पडलेला स्टिकर असतो. त्याच्यावर पाण्याची टाकी साफ करणारे, त्यांच्यावर पेस्ट कंट्रोल, आणि पेस्ट कंट्रोलच्या झुरळावर 'घरबसल्या कमवा'. या थरांत आपल्या प्लंबरचा फक्त 'र'कार आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे उरलेले असतात. चार आकड्यांवर फोन लागत नाही. कुण्या वैतागलेल्या सेक्रेटरीने नखाने खरवडायचा प्रयत्न केलेला असतो, त्यामुळे झुरळाला मिशा नसतात, एवढाच बदल.

रस्त्यावर विजेच्या खांबाला चिकटवायचा बेत असेल तर मात्र जपून. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायदा सगळ्यांना सारखा आहे. फक्त स्टिकरवर मोबाइल नंबर छापलेला असल्यामुळे प्लंबर लगेच सापडतो.

मार्ग दुसरा : फ्लेक्स

इथे आपल्याला गुरू करायचा आहे तो भावी नगरसेवक. स्थानिक पातळीवरचा छोटा व्यवसाय कमी भांडवलात कसा गाजवावा, हे त्याच्याकडूनच शिकावं. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षं या मंडळींकडे विकायला माल नव्हता, दुकान बंद होतं, दुकान कधी उघडणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी जाहिरात एक दिवस थांबली नाही. वाढदिवस, दहीहंडी, दहावीचा निकाल, नळाला पाणी आलं, नळाचं पाणी गेलं, प्रत्येक निमित्ताने चौकात फ्लेक्स होताच. आणि खर्च? तो शुभेच्छुकांचा. खालच्या ओळीत गोल चौकटीत ज्यांचे फोटो असतात, ते वर्गणी काढतात. जाहिरात आपली, पैसे फोटोवाल्यांचे. असं गणित मॅनेजमेंटच्या कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

प्लंबरने हेच करावं. कानाला मोबाइल लावलेला फोटो, डोळ्यावर गॉगल, आणि वर ठळक अक्षरांत 'गळतीसम्राट'. भाषणबाजांनी घासून गुळगुळीत केलेली विशेषणं इथे पहिल्यांदाच खरी ठरतील. 'पाणीदार नेतृत्व' म्हणा, कुणी खोटं पाडू शकणार नाही. 'तळागाळातला माणूस' तर सोसायटीच्या चेंबरमध्ये कमरेइतका उतरून चोकअप काढणाऱ्यालाच शोभतं. शुभेच्छुक म्हणून हार्डवेअरच्या दुकानदाराला पकडावं. उधारी थकलेली असल्यामुळे तो तसाही तुमचं भलं चिंतत असतोच.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी पावसात पेट्रोल पंपावर जे होर्डिंग कोसळलं, ते १२० फूट बाय १२० फूट होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. १७ माणसं गेली. एवढा सांगाडा कुणाला दिसला नव्हता, असं म्हणता येत नाही. तो दिसावा म्हणूनच उभा केला होता. दिसला नाही तो फक्त ज्यांनी बघायचं त्यांना. आणि आपल्या शहरांत खांबावरचा वीतभर स्टिकर मात्र बरोबर नजरेला येतो.

मार्ग तिसरा : अहवाल

गणपती जवळ आले की मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन येतात. "काका, वर्गणी नकोय, अहवालात जाहिरात द्या." हा फरक समजून घ्या. वर्गणी दिली की पैसे जातात. जाहिरात दिली की पैसे जातात आणि एक प्रत येते.

अहवालात पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान असे दर असतात. मुखपृष्ठाच्या मागची बाजू बिल्डरकडे, मधलं रंगीत पान सराफाकडे. आपल्या प्लंबरला मिळतं शेवटून तिसऱ्या पानावर, कार्यकारिणीच्या यादीखाली उरलेल्या जागेत, 'गणेशभक्तांना हार्दिक शुभेच्छा'. त्याखाली नाव, आणि मोबाइल नंबरात एक आकडा चुकलेला. ज्यांच्याकडे तो नंबर खरा आहे त्या गृहस्थांना पुढचं वर्षभर लोक बेसिन तुंबल्याचं सांगत असतात. अहवाल वाटला जातो तो नवरात्रात. तोवर मंडपातला नळ बसवणं, निर्माल्य कलशाखालची पाइप जोडणं ही कामं 'सेवा' म्हणून होऊन गेलेली असतात. सेवेचं बिल नसतं, तिचा नारळ असतो.

सकाळच्या पेपरात हँडबिल टाकणं हा याच जातीचा दुसरा उपाय. पेपरवाल्याला हजारामागे ठरलेले पैसे द्यायचे की पत्रक घरोघर जातं. वाचलं जातं का? त्याची चिंता करू नका. एका बाजूने कोरं असेल तर किराण्याच्या यादीला, दोन्ही बाजूंनी छापलेलं असेल तर डब्याखाली. शेवटी तुमचा नंबर स्वयंपाकघरात पोचतोच; फक्त तेलाच्या किटलीखाली, उलटा.

मार्ग चौथा : संदेश पाठवा

'नळ गळतोय का? फोन करा.' एवढा मेसेज हजारभर लोकांना पाठवला तर? कल्पना उत्तम आहे. पण नको असलेल्या व्यापारी मेसेजांचा ताप कमी व्हावा म्हणून 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेने २०१८ मध्ये नियम केले. त्यानुसार असे ठोक मेसेज पाठवणाऱ्याने आधी आपली नोंदणी करायची, मग मेसेजवर पाठवणारा म्हणून दिसणारं नाव मंजूर करून घ्यायचं, मग मजकुराचा साचाही नोंदवायचा. आणि हे सगळं ज्या यंत्रणेवर चालतं, ते तंत्रज्ञान ब्लॉकचेनच्या घराण्यातलं. म्हणजे बॉलकॉक बदलण्यापूर्वी आपल्या प्लंबरने ब्लॉकचेनवर यावं, अशी अपेक्षा आहे. तो बिचारा येईलही. पण तोवर टाकी वाहून जाईल.

एवढा बंदोबस्त असूनही भर दुपारी झोपमोड करून 'पर्सनल लोन हवंय का' असं विचारणाऱ्या ताईंचा फोन येतोच. त्यांना कोण नंबर देतं, याचा शोध आम्ही सोडून दिला आहे.

मार्ग पाचवा : नकाशावर या

आता खरंच फुकट असलेली गोष्ट. गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद करायला पैसे पडत नाहीत. नाव, पत्ता, वेळ, फोन, केलेल्या कामाचे दोन फोटो टाकले आणि गूगलने पडताळणी केली की काम झालं. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲपही २०१८ पासून फुकट आहे. त्यात कामांची यादी दरासकट लावून ठेवता येते, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जातं. यातलं आपल्या हातातलं सगळं एका दुपारी होण्यासारखं आहे. म्हणूनच भाचा ते करत नाही. तो आधी लोगो करतो. लोगोत थेंब असावा की पाना, यावर आठवडा जातो. मग तो मामांना रील करायला लावतो. कमोडच्या बाजूला उभं राहून, चालू गाण्यावर, हातात पाना फिरवत. रीलला लाइक येतात ते सगळे दुसऱ्या प्लंबरांचे.

दुकानाचं नाव साधं असू नये, असंही भाच्याचं मत. 'बेस्ट प्लंबर इन कोथरूड नियर मी' असं काहीतरी ठेवायचं, म्हणजे शोधणाऱ्याला आपणच सापडतो. गूगलला हे चालत नाही. पाटीवर जे नाव तेच तिथे, असा त्यांचा नियम आहे. शिवाय राज्यात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि इतर लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत, हा नियमही आहे. तेव्हा मामांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव आणि पुढे 'प्लंबर' एवढं दोन्हीकडे पुरतं.

राहता राहिले अभिप्राय. पहिले पाच पंचतारांकित अभिप्राय मेव्हणा, मेव्हणी, साडू, भाचा आणि पुन्हा भाचा (दुसऱ्या अकाउंटवरून) यांचे. त्यानंतर खरं गिऱ्हाईक येतं आणि एक तारा देतं. कारण? 'रविवारी रात्री साडेअकराला फोन केला, उचलला नाही.' ज्यांचं काम नीट झालं ते काही लिहीत नाहीत. आपल्याकडे काम नीट होणं ही सांगण्यासारखी गोष्ट नसते, ती अपेक्षाच असते. मराठी माणूस समाधानी झाला की गप्प बसतो आणि बिलातून पन्नास रुपये कमी करायला सांगतो.

मार्ग सहावा : तोंडी प्रसिद्धी

सगळे जाणते सांगतात की खरी जाहिरात एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला सांगितल्याने होते. तिला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, ती वाऱ्याने पडत नाही. मग ती होत का नाही?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघा. कुणीतरी विचारतं, "चांगला प्लंबर आहे का कुणाकडे? अर्जंट." त्यावर पहिलं उत्तर, "मलाही हवाय." दुसरं, "मिळाला तर इथेच टाका प्लीज." तिसरं, सूर्यफुलाच्या फोटोसह सुप्रभात. चौथे गृहस्थ म्हणतात, "आजकाल माणसंच मिळत नाहीत." आणि ज्या काकूंकडे गेली पंधरा वर्षं तोच एक प्लंबर येतोय, वेळेवर येतोय, जुना स्पिंडल खिशात न घालता दाखवून परत देतोय, त्या काकू मेसेज वाचतात आणि फोन बाजूला ठेवतात. निळी खूण दिसते, नंबर येत नाही. जिन्यात गाठून विचारलं तर म्हणतात, "आहे एक, पण तो हल्ली फार बिझी असतो हो."

तो बिझी नसतो. तो घरी बसून भाच्याबरोबर लोगो बघत असतो.

आपण चांगला प्लंबर, चांगला शिंपी, चांगला सुतार लपवून ठेवतो. चारचौघांना कळला तर भाव वाढवेल, आपल्याकडे यायला उशीर करेल, ही भीती. वाईट कारागिराची मात्र आपण फुकट आणि तपशीलवार प्रसिद्धी करतो. त्याने फरशी कशी फोडली हे लग्नाच्या पंगतीतही सांगतो. त्यामुळे शहरात नाव गाजतं ते फरशी फोडणाऱ्याचं. बरा माणूस स्टिकर छापतो, अहवालात पाव पान घेतो, आणि तो खर्च पुढच्या बिलात आपल्याकडूनच वसूल होतो. काकूंनी गप्प राहून वाचवलेले पैसे असे फिरून त्यांच्याच डोक्यावर येतात.

कारागिरांना आमचं सांगणं दोनच गोष्टींचं. येतो म्हणालात त्या वेळेला या आणि येणार नसाल तर तसा फोन करा. एवढं केलंत तर या शहरात तुम्हाला फारशी स्पर्धा नाही.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी एकच. तुमच्या फोनमध्ये 'प्लंबर चांगला' या नावाने जो नंबर ठेवलेला आहे, तो त्या माणसाला विचारून आज सोसायटीच्या ग्रुपवर टाका. त्याच्या नावापुढे दोन ओळींचा खरा अभिप्राय लिहा. आणि मागच्या खेपेचे 'पुढच्या वेळी देतो' म्हणालेले पैसे देऊन टाका. तो अजून मागायला आलेला नाही.