धुराचा भाष्यकार

गावातली काही पदं सरकार भरतं, काही निवडणूक भरते. एक पद मात्र सायलेन्सर भरतो. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात, एकोडीसारख्या धानाच्या गावी, पऱ्हे रोवणीला आले, बांध्यांत पाणी साचलं आणि ट्रॅक्टरला केजव्हील चढली, की या पदाचा मानकरी आपोआप प्रकट होतो. अट एकच असते. ट्रॅक्टरचं इंजिन नुकतंच खोलून बांधलेलं हवं. नवे पिस्टन, नवे लायनर, नव्या रिंगा आणि मालकाचा हलका झालेला खिसा. सेल्फ मारताच सायलेन्सरातून धुराचा लोट निघतो आणि लोटाच्या दुसऱ्या टोकाला धुराचा भाष्यकार उभा असतो. खांद्यावर दुपट्टा, गालात खर्रा आणि हाताला ग्रीसचा डाग नाही. तो धुराकडे बघतो, मग मालकाकडे बघतो, बाजूला जाऊन खर्रा थुंकतो. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायकाच्या प्रवेशाआधी जेवढा विराम असतो, तेवढाच विराम घेऊन तो निकाल देतो, "रिंगा गेल्या गा भाऊ. पुन्हा खोलाच लागते."

या माणसाला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्याचं मूळ शास्त्र पक्कं असतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. हे तीन नियम जगातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये चालतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पटींनी दाबली जाते, त्या दाबानं ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलनं उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा, दाब, तुषार आणि वेळ या चारांपैकी एक चुकलं की त्याची खबर सायलेन्सर देतो. भाष्यकाराची चूक रंग ओळखण्यात नाही. रंग हा प्रश्न असतो आणि तो त्याला उत्तर समजतो. 'ऑइल जळतंय' हे खरं असलं तरी ते सिलिंडरमध्ये कुठल्या वाटेनं आलं, हे रंग सांगत नाही. वाटा मात्र पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या निम्म्या फुकटात बंद होतात.

निळ्याच धुराचं घ्या. गेजपट्टीच्या खुणेच्या वर ऑइल भरलं असेल, तर क्रँक ते घुसळून वर फेकतो. एअर क्लीनरच्या वाटीत हौसेनं काठोकाठ ऑइल ओतलं असेल, तर इंजिन ते हवेबरोबर ओढून घेतं. जुन्या दुखण्याच्या काळात सायलेन्सरात साचलेलं ऑइल नवं इंजिन तापल्यावर जळून जाईपर्यंत धूर देत राहतं. व्हॉल्व्ह गाइड सैल असतील, तर ऑइल वरून झिरपतं. या सगळ्यानंतर रिंगांचा नंबर. त्यातही रिंगा 'गेल्या' असतील असं नाही, त्या अजून 'बसल्या' नसतील. नवी रिंग लायनरला चिकटते ती जळत्या वायूच्या दाबानं आणि तो दाब इंजिनावर बेताचं ओझं असल्याशिवाय तयार होत नाही. इथं भाष्यकाराचा दुसरा आवडता सल्ला आडवा येतो. "नवं इंजिन हाय, आठ दिवस नुसतं उभ्यानं चालू दे, काम नको लावू." या लाडानं लायनरच्या आतल्या होनिंगच्या बारीक रेघांवर काचेसारखा गुळगुळीत थर चढतो, रिंगा कधीच नीट बसत नाहीत आणि निळा धूर कायमचा मुक्कामाला येतो. मग भाष्यकार म्हणतो, "मी बोललो होतो." तो बोलला होता हे खरंच आहे. बोलल्यामुळंच तर झालं.

पांढऱ्या धुराची गत वेगळी नाही. सकाळी थंड इंजिनातून निघून गरम झाल्यावर थांबला, तर त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. गरम झाल्यावरही डोळ्यांना झोंबत राहिला, तर डिझेल कच्चं बाहेर पडतंय. एखादं नोझल ठिबकतंय, कॉम्प्रेशन कमी पडतंय किंवा इंजिन बांधताना पंपाच्या गिअरची खूण एका दात्यानं चुकलीय. डोळ्यांना न झोंबता हवेत लगेच विरून गेला, रेडिएटरचं पाणी घटत गेलं आणि त्यात बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केटकडे बघायचं. काळ्या धुरात तर पहिला संशयित म्हणजे धुळीनं आणि धानाच्या भुशानं गच्च झालेला एअर क्लीनर. मग पंप जास्त डिझेल सोडतोय का, नोझलचा तुषार बिघडलाय का, ते. भाष्यकाराच्या कोशात मात्र तिन्ही रंगांसमोर एकच शब्द लिहिलेला असतो, 'खोला'.

धुराचं मोजमाप ज्याच्या नावानं चालतं, त्याची गोष्ट इथं उपयोगी पडते. मॅक्सिमिलियन रिंगेलमन हा पॅरिसचा शेती-अभियांत्रिकीचा प्राध्यापक. 1888 साली त्यानं पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या काढून धुराचा काळेपणा 0 ते 5 अशा अंकांत मोजायची सोय केली. धूर किती काळा ते हा तक्ता सांगतो. का काळा, हे तो सांगत नाही आणि त्याच्या कर्त्यानं तसा दावाही केला नाही. याच माणसानं दोर ओढणाऱ्या माणसांची ताकद मोजली होती. ते प्रयोग 1913 साली छापले गेले. निष्कर्ष असा की माणसं वाढतात तसा प्रत्येकाचा जोर घटतो आणि आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येक जण आपल्या ताकदीच्या साधारण निम्म्यानंच ओढतो. धुराचा तक्ता आणि गर्दीचा नियम एकाच डोक्यातून निघावेत, हा योगायोग एकोडीतल्या कुणालाही पटेल. धूर देणाऱ्या ट्रॅक्टरभोवती आठ माणसं जमली की सल्ले आठ मिळतात, पाना मात्र एकाच्या हातात असतो. तोही मालकाच्या.

भाष्यकाराची बाजू घेणारे म्हणतील, शिकलेल्यांनी अनुभवाची टिंगल करू नये. आक्षेप वजनदार आहे, म्हणून उत्तरही याच मातीतलं देतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम प्राथमिक शाळेपर्यंत शिकले होते. 1983 च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी पारावर बसून निकाल दिला नाही. त्या लोंब्यांचं बी वेगळं ठेवलं, वेगळं पेरलं, पुढच्या हंगामांत पुन्हा पेरून पारखलं आणि मग एचएमटी हे वाण उभं राहिलं. तेव्हा प्रश्न शिक्षणाचा नाही, पडताळणीचा आहे. दादाजींनी जे दिसलं त्याची परीक्षा घेतली. भाष्यकाराला दिसतं आणि तो तिथंच थांबतो. डोळा दोघांचाही तयार, पण धीर एकालाच.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहाराचा आहे. रोवणी कुणासाठी थांबत नाही, पाणी बांधीत असतं तोवरच चिखलणी होते, साकोलीचा मिस्त्री हंगामात सापडत नाही, मग परीक्षा कधी घ्यायची? पण परीक्षेला वेळ लागत नाही, वेळ इंजिन खोलायला लागतो. गेजपट्टी बघायला मिनिट लागतं, एअर क्लीनर उघडून साफ करायला थोडा वेळ. मग इंजिन धीम्या गतीवर ठेवून, नोझलच्या पाइपातून दाबानं उडणारं डिझेल कातडीत घुसू शकतं म्हणून हात आणि तोंड लांब ठेवून, एकेका नोझलच्या पाइपची नट जराशी सैल करायची. ज्या सिलिंडरची नट सैल केल्यावर धूर थांबतो, दोषी तोच. त्याचं नोझल दुसऱ्या सिलिंडरच्या नोझलशी बदलून बघायचं. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, तिथंच राहिला तर मामला आतला. एवढं करूनही आतलंच निघालं, तर कॉम्प्रेशन मोजायचं आणि मग खुशाल खोलायचं. रिंगा उलट्या बसल्या असतील किंवा त्यांची तोंडं एका रेषेत आली असतील, तर खोलण्यावाचून इलाज नाही, आणि तेव्हा भाष्यकाराचं म्हणणं बरोबर ठरतं. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं, तसं. पण आधी फुकटाचं, मग स्वस्ताचं आणि शेवटी महागाचं हा क्रम पाळला तर वेळ उलट वाचतो.

हा क्रम भाष्यकार का पाळत नाही, याचं कारण अज्ञान नसून हिशेब आहे. 'एअर क्लीनर साफ कर' म्हणणाऱ्याला गावात कोण विचारतो? 'इंजिन गेलं' म्हणणाऱ्याभोवती माणसं जमतात, चहा येतो, नाव होतं. निदान जेवढं महाग, तेवढा निदान करणारा मोठा, आणि बिल दुसऱ्याच्या नावावर. म्हणून त्याला हाकलू नका. तो माणूस चांगला आहे, त्याची नजर तयार आहे आणि रोवणीच्या दिवसांत करमणुकीचं दुसरं साधनही नसतं. त्याला बसायला द्या, चहा द्या आणि "खोलाच लागते" म्हणाला की हातात पाना देऊन एवढंच विचारा, "काकाजी, खोलायच्या आधी फुकटात काय काय बघून घेऊ?" उत्तर आलं तर तो मिस्त्री आहे, त्याला सोडू नका. नाही आलं तर चहा संपेपर्यंत त्याचं ऐका आणि गेजपट्टी स्वतः काढून बघा.