राजधानी, खिडकीतून

डिसेंबर लागला की पालघर-बोईसरच्या शाळांत सहलीचे पैसे गोळा होऊ लागतात आणि पोरांच्या दप्तरातून हमीपत्र घरी येतं. सहल राजधानीची, म्हणजे मुंबईची. पाल्याचं काही बरंवाईट झालं तर शाळा जबाबदार नाही, असं पालकांनी लिहून द्यायचं. राज्याचा कारभार कसा चालतो हे मुलांना शिकवायचंच असेल तर हा कागद वर्गात मोठ्याने वाचावा. डिझेल वाचेल.

पण सहल निघतेच. एसटीची गाडी केली तर शाळेला भाडं निम्मं. पहाटे अंधारात चिल्हार फाटा, वरसावे पूल येईपर्यंत दोघातिघांच्या ओकाऱ्या, आणि पुढच्या कोंडीत दुपारचे डबे सकाळीच फस्त. 2013 पासून डहाणूहून चर्चगेटला लोकल आहे की! आहे, पण तिच्यात पोरांचे बाप आधीच एका पायावर उभे असतात.

मुरूडच्या समुद्रात 2016 साली पुण्याहून आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून सहलींचे नियम कडक झाले. व्हायलाच हवे होते. फक्त त्यामुळे होतं असं, की जिला भरती-ओहोटी घरबसल्या कळते त्या सातपाटीच्या पोरीला गेटवेच्या कठड्यापासून चार हात लांब धरून ‘हा बघा समुद्र’ म्हणून दाखवतात. पूर्वी यादीत तारापोरवाला मत्स्यालयही असायचं. 1951 चं, देणगीदार पारशी, आडनाव आपल्याच तारापूरचं. सध्या ते बंद आहे, हे बरंच. आईने पापलेट विकून सहलीचे पैसे भरायचे आणि लेकीने त्याच पैशांनी मरीन ड्राइव्हला मासे बघायचे!

मंत्रालय खिडकीतूनच. ‘डावीकडे बघा’ म्हणेपर्यंत ते मागे पडतं. आझाद मैदानाशी गाडी थोडी रेंगाळते, तेव्हा सर सांगतात, इथे क्रिकेट चालतं. मागच्या बाकावरच्या एखाद्याला वेगळी माहिती असते, पण तो गप्प बसतो. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा वनपट्टे मागत इथेच पोचला. त्यात आपल्याकडचे आदिवासीही होते. दहावीचा पेपर द्यायला निघालेल्या मुंबईच्या पोरांचा खोळंबा नको, म्हणून ही माणसं फोडाळल्या पायांनी शेवटचा टप्पा रात्रीतून चालली. पुढे वाढवण बंदर नको म्हणणारे मच्छीमारही याच मैदानात येऊन गेले. त्या बंदराच्या भूमिपूजनाला मात्र, 30 ऑगस्ट 2024 रोजी, राजधानी स्वतः पालघरला आली. मुंबईचीही आणि दिल्लीचीही. वरसावे पुलावर त्यांना किती वेळ लागला, कोणी विचारलं नाही.

आता मुंबईच्या एखाद्या शाळेने आमच्याकडे सहल काढावी. बघण्यासारखं खूप आहे. 1969 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र (लांबूनच, आत सोडत नाहीत). त्याच्या विस्तारासाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या माणसांची नवी घरं. मग धामणीचं धरण, ज्यातलं सूर्येचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी राखलेलं आहे. एमआयडीसीचा वास यादीत घालायची गरज नाही. बोईसर आलं की काचा लावलेल्या गाडीतही तो आपणहून चढतो, आणि त्याला तिकीट नाही.