मीठ कमी पडलं नं!

अहो, ऐकलंत का? पेस्ट कंट्रोलवाला आला होता नं सकाळी पलीकडे, तो फाटकातूनच परत गेला! पाठीवर पंप, तोंडाला फडकं, हातात मोजे, सगळा जामानिमा करून आलेला बिचारा. आणि पलीकडच्या आजींनी काठी आडवी धरली. "झाडाला हात लावशील तर बघ!" ज्या आजींना देवघरापर्यंत जायला दोन माणसं लागतात, त्या आजी! मी इथेच होते, तुळशीला पाणी घालत. म्हणजे घालून झालं होतं, पण जरा रेंगाळले. असं काही रोज का बघायला मिळतं?

हो हो, त्याच तांबड्या मुंग्या. त्यांच्या आंब्यावर पानं एकमेकांना चिकटवून नारळाएवढं घरटं केलंय ते. मागे मीटर बघायला आलेल्या मुलाच्या कॉलरमध्ये शिरल्या होत्या, आठवतं? किती नाचला होता! तेव्हापासून आजींच्या सूनबाई, आपल्या काकू, मागे लागल्या होत्या, काढा एकदाचं. आणि आता हे.

नाही, तुम्हाला मुळापासून सांगायला हवं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तुम्ही पुण्याला होतात नं लेकीकडे. काय मिस केलंत तुम्ही, काय मिस केलंत!

काकूंची भाची आली होती. जगदलपूरला बँकेत असते ती. ट्रान्सफर झाली तेव्हा काकू किती रडल्या होत्या, पोरगी जंगलात गेली म्हणून. पोरगी मात्र मजेत, चांगली गुटगुटीत झालीय. तर गौर मांडलेली, कलिंगडाची कमळं कापलेली, आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं आपलं नेहमीचं. आणि त्या आंबेडाळीच्या शेजारी हिने पानाचा एक द्रोण आणून ठेवला. आत लालसर-तपकिरी काहीतरी वाटलेलं. मला वाटलं जवसाची चटणी. कोपऱ्यावरच्या मालवणी वहिनींनी तर चमचाही उचलला होता. "कशाची गं?"

"चापडा आहे मावशी. तिकडच्या आठवडी बाजारातला. लाल मुंग्यांची चटणी."

चमचा हवेतच राहिला हो! मालवणी वहिनींचं तोंड असं झालं, असं झालं... आणि ज्यांचा मुलगा सिंगापूरला आहे नं, त्या तर उठून उभ्याच राहिल्या, पैठणी सावरत. "शी! देवीसमोर किडे?" काकूंचा चेहरा पांढराफटक. भाचीला म्हणाल्या, "अगं, सांगायचं तरी..." ती म्हणते, "सांगितलं की आत्ता. लपवून थोडंच खायला घातलं?" मला बाई तिचं ते आवडलं. लपवाछपवी नाही. उलट पहिलं हेच म्हणाली की, ज्यांना कोलंबी सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, त्यांनी चाखूही नका. किडे आणि कोलंबी एकाच गोतातले, एकाची ॲलर्जी तर दुसऱ्याचीही असू शकते. तेव्हा मालवणी वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांना चालणार नाही." म्हणजे बघा, मनातल्या मनात घरी डबा नेण्यापर्यंत मजल गेली होती! आणि का जाऊ नये? पावसाळ्यात त्यांच्याकडचा जवळा परततात तेव्हा सगळ्या गल्लीला कळतं. त्या जवळ्याला डोळे असतात, पाय असतात, मिशा असतात. डोळ्यांसकट खातात की.

तर काय सांगत होते... हां, सिंगापूरवाल्या. त्या "शी शी" करत होत्या नं? आणि गेल्याच महिन्यात भिशीला कोण सांगत होतं, की सिंगापुरात रातकिडे, टोळ, रेशमाचे किडे, असे सोळा प्रकारचे किडे खायला सरकारनेच परवानगी दिली, २०२४ च्या जुलैत? मुलाने म्हणे कुठल्याशा हॉटेलात सुशीवर घातलेले खाल्ले. तेव्हा "किती हायजेनिक, किती मॉडर्न" चाललं होतं. तेच जगदलपूरहून पानात आलं तर शी! भाचीने तोंडावर विचारलं हो. "मावशी, तुमच्या मुलाने खाल्ले ते कसे होते?" मग काय, त्यांना पन्ह्याचा ठसका लागला.

आणि वर त्यांनी सगळ्यांच्या पोरांना वाटलेल्या त्या लाल गोळ्या! भाचीने पाकीट उलटं करून वाचलं. ई १२०. म्हणाली, हा रंग निवडुंगावरच्या किड्यांचा, पेरूमध्ये पिकवतात, वाळवून कुटतात. आणि वरची चकाकी लाखेची. लाख म्हणजे तरी काय, पळसावरच्या किड्यांनीच गाळलेली. अहो, आपण लाखेच्या बांगड्या घालतो तेव्हा कुणाला आठवतं? मी घरी येऊन औषधाची पाकिटंसुद्धा बघितली. ह्यांच्या एका गोळीवर शेलॅक लिहिलंय. शेलॅक म्हणजे लाखच. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर गोळी बंद करतील.

पैठणीचं मात्र मीच बोलून गेले. राहवलं नाही. एका साडीला हजारो कोश लागतात, आणि ते आतल्या किड्यासकट उकळतात. आसामात तर एरी रेशमाचे आतले किडे वाया घालवत नाहीत, कोशातून काढून परतून खातात. तेवढ्यात सगळ्या आपापल्या पदराकडे बघायला लागल्या. मीसुद्धा. माझी धर्मावरम होती.

पण हे सगळं राहू द्या. खरी गंमत पुढेच आहे.

एवढा गलका चाललेला, आणि आजी कोपऱ्यात खुर्चीवर. त्यांचं सोवळं तुम्हाला ठाऊकच आहे. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा अंड्याचा केक घरात आला म्हणून आजींनी तीन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. आपल्या सगळ्यांची भीती हीच, की आता आजींना कळलं तर काय होणार. काकू तर द्रोण पदराखाली घेऊन आत निघाल्याच होत्या. तर आजी म्हणाल्या, "इकडे आण."

सगळं गप्प. पंख्याचा आवाज तेवढा.

आजींनी द्रोण नाकाजवळ धरला. वास घेतला. आणि अहो, बोटाने चटणी उचलून जिभेवर ठेवली! डोळे मिटले. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघतोय. आणि मग काय म्हणाल्या माहितीय? "मीठ कमी पडलं नं! आणि आलं कशाला घातलंय? आमच्या आलापल्लीला आलं नव्हते घालत."

काकूंच्या हातातली कुंकवाची कोयरी पडली. खरंच पडली, फरशीवर अजून डाग आहे.

मग निघालं सगळं. आजींचे वडील जंगलखात्यात होते, आलापल्लीला. तेव्हा गडचिरोली जिल्हा कुठला, सगळा चांदाच. आजी अजूनही चांदाच म्हणतात. सागाच्या जंगलात क्वार्टर, आजूबाजूला माडिया लोकांची गावं, आणि घरकामाला येणाऱ्या बाईच्या पोरी ह्यांच्या मैत्रिणी. उन्हाळा लागला की पोरं झाडावर चढायची, घरटं फांदीसकट तोडून खाली टोपलीत आपटायची. उन्हाळ्यात आत पांढरी अंडी-अळ्या भरपूर असतात, त्याने चटणीला एक गोडसर दाटपणा येतो म्हणे. आणि मग पाट्यावर मिरची, लसूण, मीठ, नि मुंग्या. आंबटपणाला चिंच नको, लिंबू नको. मुंगीच्या अंगातलं ॲसिडच आंबट. ताप आला की हीच चटणी चाटवायचे, असं आजी सांगत होत्या. "आईला माहीत होतं?" कुणीतरी विचारलं. तर आजी म्हणतात, "आई विचारायची, ओठ का लाल झाले? मी सांगायची, करवंदं खाल्ली." अहो, एवढी वर्षं! लग्न होऊन नागपूरच्या सोवळ्यात आल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही. आणि अंड्याच्या केकवरून तीन दिवस रुसवा!

काकू म्हणाल्या, "पण आई, तुम्ही मला..." आणि पुढे शब्दच फुटेना. मला वाटतं त्यांना तो केकच आठवला असणार.

चाखलं का म्हणून काय विचारता. आजींनी चाखल्यावर आपण कोण नाही म्हणणार? अगदी टोकाएवढं घेतलं. आधी लिंबाच्या सालीसारखा झणका, मग मिरची. खोटं कशाला बोलू, भाकरी असती तर... जाऊ दे.

आमच्या ह्यांना घरी येऊन सांगितलं तर हे सुरूच झाले. शेतकी कॉलेजात आयुष्य गेलं नं. म्हणे, २०१३ साली युनोच्या अन्न आणि शेती संघटनेने ह्यावर जाडजूड अहवाल काढलाय, जगात एकोणीसशेहून जास्त जातींचे किडे माणूस खातो. वाळवलेल्या रातकिड्यात निम्म्याहून जास्त प्रोटीन. आणि गाईगुरांना जेवढा चारा लागतो त्याच्या कितीतरी कमी खाण्यावर किडा तेवढंच प्रोटीन देतो, कारण त्याला अंग गरम ठेवायला काही खर्च नाही. युरोपात २०२१ पासून पिठातल्या अळ्यांना परवानगी आहे. मी म्हटलं, मग मी इतकी वर्षं पीठ चाळून काय फेकत होते? तर म्हणे, त्या वेगळ्या, त्या युरोपातल्यांच्या चुलत बहिणी. एवढं सगळं माहीत, आणि माणूस स्वतः मात्र वांग्यात अळी निघाली तर ताट सारून उठतो.

आणि ओडिशाचं काय झालं ते? तिकडे मयूरभंजला हीच चटणी, काई चटणी म्हणतात, तिला २०२४ च्या जानेवारीत जीआय टॅग मिळाला. आपल्या नागपूरच्या संत्र्याला आहे नं, तस्साच! त्याआधी करोनात कुणी ती औषध म्हणून देशभर द्या म्हणून कोर्टात गेलं होतं, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत. कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं, घरचे उपाय घरी करा, सगळ्या देशाला चटणी चाटवा असा आदेश आम्ही देणार नाही. बरोबरच आहे. चटणी ती चटणी, लस ती लस.

हां, तर पेस्ट कंट्रोल. काकूंनी फोन आधीच करून ठेवला होता, कॅन्सल करायचं राहिलं. तो आला आणि आजी आडव्या. वर त्याला ऐकवलं काय, तर "बाबा रे, ह्या मुंग्याच झाडावरचे किडे खातात, तू कशाला विष मारतोस?" ते खरंय हो. हे सांगत होते, चीनमध्ये शेकडो वर्षं संत्र्याच्या बागांत ह्या मुंग्यांची घरटी मुद्दाम आणून बांधायचे, झाडाझाडांमध्ये बांबूचे पूल घालायचे त्यांना ये-जा करायला. म्हणजे पेस्ट कंट्रोलवाला आला होता तो पेस्ट कंट्रोलच काढायला! तो गेला बडबडत. व्हिजिट चार्ज मागितला, आजींनी त्याला आंबेडाळ दिली.

आता भाची रविवारी परत जाणार. त्याआधी घरटं उतरवायचं ठरतंय म्हणे, पाटा धुऊन ठेवलाय. मागच्या अंगणातला, रोजचा नाही. काकूंनी अट घातलीय, माझ्या मिक्सरला हात लावायचा नाही.

पण एक सांगू? जरा इकडे या. ती फांदी बघा. झाड त्यांचं, कबूल. पण घरटं कुठे लोंबतंय? कुंपणाच्या ह्या बाजूला! ह्या फांदीचे आंबे पडले की काकू म्हणतात आमचे. ह्याच मुंग्या आमच्या वाळवणावर उतरल्या, मी तक्रार केली, तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या हद्दीत आहेत, तुम्ही बघा." माझ्या लक्षात आहे, गेल्या मे महिन्यात, कुरडया घातल्या होत्या तेव्हा.

तुमच्याकडे ती उंच शिडी आहे नं हो? नाही, सहज विचारलं.